मदत हवी आहे: रॅटलस्नेकच्या कपारीवर कॅमेरा कसा लावू?

मंडळी, मी मूळची देवरुखची, सध्या ॲरिझोनात टूसॉनजवळ. घरामागच्या घळीत एका कपारीपाशी ब्लॅक-टेल्ड रॅटलस्नेकची (काळ्या शेपटीचा, शेपटीला खुळखुळा असलेला विषारी साप) मादी ठाण मांडून आहे. काल दुर्बिणीतून बघितलं तर अंगाखाली चार पिल्लं! आपल्या फुरशासारखीच हीही थेट पिल्लंच घालते, पण त्यांची पहिली कात पडेपर्यंत सोबत थांबते. पिल्लांच्या शेपटीला नुसतं बटण (टोकाचा एकच कडक तुकडा), खुळखुळा वाजायला अजून अवकाश आहे.

अडचण अशी, की ट्रेल कॅमेरा (समोरून ऊबदार काही हललं की आपोआप फोटो काढणारा) लावला तर तीन दिवसांत मिळाला फक्त एक ससा आणि माझेच बूट. सापाचं अंग भोवतालच्या दगडाइतकंच तापलेलं, सेन्सरला कळणार काय! टाइम-लॅप्सवर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेण्यावर, टाकायचा तर किती सेकंदांचं अंतर ठेवू? मिनिटाभरात पिल्लू आत-बाहेर करून मोकळं होतं, आणि दहा सेकंदांवर ठेवला तर बॅटरी रात्रीतच बसते.

शिवाय मी पाच-सहा मीटरवर बसते. मादी खुळखुळा वाजवत नाही, पण जीभ भराभर आत-बाहेर करते. ती अस्वस्थ आहे असं समजून मागे सरकू का? काठी-चिमट्याचे सल्ले नकोत, हात लावायचाच नाहीये. कात पडली की सगळी पांगतील, म्हणून जरा घाई आहे.