नवख्या विज्ञान विद्यार्थ्याला ‘आधी वर्षभर सी’ कशासाठी?

दोलन: ‘संगणकावर भौतिकीची मॉडेलं करायची तर आधी वर्षभर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा घोटा, पायथन या दुसऱ्या भाषेनं मुलं आळशी होतात’ हा या मंचावरचा सल्ला वाचला. साफ चुकीचा आहे! पॉइंटरशी, म्हणजे सीमधल्या मेमरीच्या पत्त्यांशी, झटण्यातच सहामाही जाते आणि मॉडेल लांबच राहतं. पायथनमध्ये स्प्रिंगला टांगलेलं वजन पहिल्याच दिवशी हलतं. बलावरून त्वरण काढा, वेग आणि स्थान डीटीनं, म्हणजे वेळेच्या छोट्या पायरीनं, पुढे सरकवा, आलेख काढा. वीसेक ओळी.

सेमीकोलन: सल्ला माझा आहे, आणि मी ठाम आहे. त्या वीस ओळी लिहितं कोण? पायथनच्या सायपाय या गणिती संचातलं सॉल्व्ह-आयव्हीपी हे समीकरणं सोडवणारं तयार फंक्शन बोलावतात आणि येईल ते खरं मानतात. काही न सांगितल्यास त्याची सापेक्ष चुकीची मर्यादा ०.००१ असते. त्यावर ग्रहाच्या शेकडो फेऱ्या चालवा, स्थिर राहायला हवी ती ऊर्जा सरकलेली दिसेल. सीमध्ये हातानं लिहावं लागतं, म्हणून कळतं.

दोलन: हातानं लिहिलं म्हणजे कळलं? सीमध्ये साधी ऑयलर पद्धत लिहा, वेग आणि स्थान दोन्ही जुन्या किमतींवरून. कोनीय वारंवारता १, डीटी ०.१ घेतलं तर दर पायरीला ऊर्जा १ टक्का वाढते, १०० पायऱ्यांत २.७ पट. कंपायलर चकार शब्द काढत नाही. आधी वेग बदलून तोच नवा वेग स्थानासाठी वापरला, की ऊर्जा ५ टक्क्यांच्या आसपास खालीवर होते, फुगत नाही. हे भौतिकीचं ज्ञान आहे, सीचं नव्हे.

रेडियन: भाषेवरून कसले भांडता! मॉडेल बुडतं ते एककांत. प्रोग्रॅममधलं साइन कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये घेतं; त्याला ३० दिलं की ०.५ नव्हे, −०.९८८ येतं. वस्तुमान ग्रॅममध्ये आणि स्प्रिंगचा स्थिरांक न्यूटन प्रति मीटरमध्ये ठेवला, की आवर्तकाल ३१.६ पट चुकतो. दोन्ही भाषा गप्प राहतात.

सेमीकोलन: एककं मान्य, पण मुद्दा टाळू नका. नमपाय या पायथनच्या संचातल्या अ‍ॅरेतलं, म्हणजे संख्यांच्या रांगेतलं, स्थान जागच्या जागी बदलत दर पायरीला कॉपी न घेता तोच अ‍ॅरे यादीत जोडला, तर यादीत सगळीकडे शेवटचंच स्थान उरतं. कक्षेऐवजी एक ठिपका! कॉपी का घ्यायची, हे मेमरी न शिकलेल्याला कोण सांगणार?

दोलन: एवढा मुद्दा बिनतोड आहे, मान्य करावाच लागेल. पण तो अर्ध्या तासाचा धडा आहे.

सदिश: तपासणीचं कुणीच बोलत नाही. डीटी निम्मं करा. ठरावीक वेळेपाशी ऑयलरची चूक साधारण निम्मी व्हायला हवी, चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा या अधिक अचूक पद्धतीची सोळावा हिस्सा. तसं होत नसेल तर आधी प्रोग्रॅममधली चूक शोधा. हे स्प्रिंगवर करा, कारण तिचं अचूक उत्तर हाताशी आहे. हवेचा रोध नंतर.

सेमीकोलन: ‘वर्षभर’ मागे घेतो, ‘आधी’ नाही. महिनाभर सी, मग खुशाल पायथन.

दोलन: क्रम उलटाच हवा. १००० कणांत दर पायरीला सुमारे ५ लाख जोड्यांची बलं काढताना पायथनचा लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारा भाग) रांगू लागला, की वेगवान सी शिकायचं कारण विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसतं.