थंडी, काजू, मीठ आणि छपरावरची वीज : गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

वाळपई, सत्तरी (धागा सुरू करताना)

पौषातल्या पहाटे साडेपाचला जाग आली ती घामाने. वर पंखा फिरत होता. आमच्या घरी दिवाळी झाली की पंख्याची पाती पुसून ठेवायची, मग शिमग्यापर्यंत त्या बटणाला कुणी हात लावत नसे. आई धालो, म्हणजे पौषातले बायकांचे नाच-गाण्याचे खेळ, खेळायला जायची ती स्वेटर घालून, आणि रात्री मांडावरून, म्हणजे खेळाच्या जागेवरून, परतताना गवतातल्या दंवाने पाय ओले व्हायचे. लहानपणी तिचा हात धरून मी ते चाललोय. आता मांड तोच आहे, गाणी तीच आहेत, पण मधल्या विसाव्यात बाया पदराने वारा घेत बसतात.

हे कुठेतरी नोंदवून ठेवलं पाहिजे असं फार दिवस मनात होतं. शेत, बागायत, होडी, मिठाचं आगर, फेणीची भट्टी, शाळा, ज्यांचा रोजचा संबंध हवेशी आहे त्यांनी लिहा. हवामान बदललं हे सगळेच म्हणतात. तुम्ही काय पाहिलंत, कुठल्या महिन्यात, नुकसान किती झालं आणि मग काय केलंत, ते हवं आहे. घरावर सोलर बसवला असेल तर त्याचा अनुभवही लिहा, चांगला-वाईट दोन्ही. पुढची वीज कुठून येणार हा प्रश्न याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे, असं मला वाटतं.

केरी, सत्तरी

माझी काजूची बागायत डोंगराच्या उतारावर आहे, आजोबांनी लावलेली. त्यांचं गणित सोपं होतं. दसऱ्याच्या सुमारास पाऊस गेला, जमीन सुकली, रात्री गार झाल्या की डिसेंबरात मोहोर. मार्चमध्ये बोंडू, म्हणजे काजूचं फळ, आणि एप्रिलात त्याच्या रसाची फेणी, म्हणजे दारू, काढायची भट्टी ऐन भरात.

आता नोव्हेंबरात पाऊस पडतो आणि झाड फसतं. जमिनीत ओल राहते, रात्री उबदार, त्यामुळे मोहोराच्या जागी पालवी फुटते. कोवळी पालवी दिसली की ढेकण्या, म्हणजे रस शोषणारा किडा, आलाच. त्याची खूण सांगतो, नवीन लोकांना उपयोगी पडेल. कोवळ्या देठात तो जिथे सोंड खुपसतो तिथे डिंकाचा बारीक थेंब येतो, मोहरीच्या दाण्याएवढा. मग तिथे काळपट डाग पडतो, आणि थोड्याच दिवसांत अख्खा तुरा होरपळल्यासारखा तपकिरी होऊन झाडावरच लोंबतो. हात लावला की चुरा. ढगाळ हवा असली की हे झपाट्याने पसरतं.

फवारा म्हणून सगळे सांगतात. फुललेल्या मोहोरावर सकाळी फवारलं तर माश्या मरतात, मग बी धरणार कशी? मी पालवी असतानाच एकदा फवारतो, आणि मोहोर फुलल्यावर हात आखडता घेतो. याने थोडं पीक जातं, पण झाडावर गुणगुण ऐकू येते.

दुसरं नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. मोहोर एकदम न येता दोन-तीन हप्त्यांत येतो, त्यामुळे बोंडूही तसेच पिकतात. भट्टी पेटवायची तर भांडं भरेल इतका बोंडूचा रस हवा. सरपण आणि माणसाची मजुरी भांडं अर्धं असो की भरलेलं, तेवढीच. मागच्या मोसमात दोनदा भट्टी थंड ठेवावी लागली आणि गोळा केलेले बोंडू गुरांना घातले. फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ती बाटलीत येण्याआधी बोंडूच्या रूपात झाडाला लागावी लागते.

डिचोली

केरीच्या काकांनी लिहिलं तसंच मानकुराद आंब्याचं. एकाच झाडाच्या पूर्वेकडच्या फांदीला वाटाण्याएवढ्या कैऱ्या, आणि पश्चिमेकडे नुकती लाल पालवी. बाजारात पहिला मानकुराद डझनाला काय भाव खातो ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या झाडाचा पहिला आंबा आता नेमका सगळ्यांचा आंबा येतो तेव्हाच येतो.

आगरवाडा, पेडणे

आमचं आगर शापोरा नदीच्या पाण्यावर. मीठ कसं होतं हे आजकालच्या मुलांना ठाऊक नाही म्हणून आधी ते सांगते.

पावसात आगर गोड्या पाण्याने भरलेलं असतं. पाऊस गेल्यावर ते पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, बाहेर सोडायचं, बांध दुरुस्त करायचे, मग भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं. ते एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं. शेवटच्या कप्प्यांचा तळ मात्र कडक लागतो. चिखल पायांनी तुडवायचा, फळीने चोपायचा, सुकू द्यायचा, परत चोपायचा. माझी सासू टाच आपटून बघायची. टाचेचा ठसा उमटला नाही तर तळ तयार. एवढं झाल्यावर त्यात दाट पाणी सोडलं की वरच्या अंगाला आधी साय धरल्यासारखं दिसतं, आणि मग खाली खडा बसतो.

डिसेंबरात एक पाऊस आला की तळ परत चिखल. नुसतं पाणी काढून भागत नाही, तुडवण्यापासून सगळं पुन्हा. मजुरी दुसऱ्यांदा द्यायची, तीही मजूर मिळाले तर.

लोक मला विचारतात, ऊन वाढलंय तर मीठ जास्त पिकत असेल ना? ऊन वाढलं हे खरं, पण मोसम दोन्ही टोकांनी कुरतडला गेला. सुरुवात डिसेंबरच्या पावसाने लांबते, आणि शेवट मेमधला पाऊस खातो. २०२५ साली तर मे संपायच्या आतच मान्सून गोव्यात पोचला. जे मीठ बांधावर रचून ठेवलं होतं ते झाकायला झावळ्या पुरल्या नाहीत. पांढरी रास रात्रभरात खचली, सकाळी तिच्याभोवती खारट पाण्याचं तळं. आम्ही उभं राहून बघत होतो.

सूर्याच्या विजेबद्दल विचारलंत. आमचं आगर म्हणजे सूर्यावरच चालणारा कारखाना, पिढ्यान् पिढ्या. मीठ करायला आम्ही कोळशाचा तुकडा जाळलेला नाही. हे कुणी कधी मोजत नाही म्हणून लिहिलं.

मांद्रे

आमचा किनाऱ्यावर शॅक, म्हणजे खाण्यापिण्याची झोपडी, होता. ३ डिसेंबर २०१७, रविवार, दत्तजयंती. ओखी वादळ आमच्यापासून कितीतरी दूर समुद्रात होतं. इथे ना वारा, ना पाऊस. पौर्णिमेची भरती आणि वादळाची लाट एकत्र आली. पाणी शांतपणे चढत टेबलांपर्यंत आलं आणि परत जाताना खालची वाळू ओढून घेऊन गेलं. खांब उभे होते, पण हवेत. वाळूवरून पर्यटकांच्या चपला वाहत होत्या. मोसमाचा पहिला महिना, कर्ज काढून बांधलेला शॅक. तेव्हापासून डिसेंबरातसुद्धा वादळाचा अंदाज बघतो. आधी ते मेचं काम होतं.

फोंडा (निवृत्त शिक्षक, भूगोल)

मांद्रेच्या भावांनी लिहिलं त्यामागे मोठं कारण आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात त्याआधीच्या काळापेक्षा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचं पाणी तापलं की वादळाला खाद्य मिळतं. पूर्वी अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा थंड आणि शांत मानला जायचा, मीही वर्गात तेच शिकवलं. आज शिकवायला उभा राहिलो तर तो धडा बदलावा लागेल.

थंडीचं म्हणाल तर गोव्याची थंडी वाऱ्यावर ठरते. रात्री घाटाकडून समुद्राकडे जमिनीवरचा कोरडा वारा वाहतो, पहाट गार होते. दुपारी समुद्रावरून वारा आला की तापमान आटोक्यात राहतं. पूर्वेचा वारा जोर धरून बसला आणि समुद्रवारा यायला उशीर झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा एकदम चढतो. किनाऱ्यावर ३७ अंश गाठून सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. हे वारे नेहमीचेच आहेत. पण आता सगळी पातळीच वर सरकली आहे, त्यामुळे तोच वारा जास्त तापवतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या तापमानात देशात तोवरचा सर्वांत उष्ण ठरला आणि २०२४ हे जगातलं आतापर्यंतचं सर्वांत उष्ण वर्ष.

मार्च २०२३ मध्ये उष्म्यामुळे गोव्यातल्या शाळा दुपारी बारालाच सोडायचा आदेश निघाला होता. त्याच दिवसांत म्हादई अभयारण्य जळत होतं. आमच्या गच्चीतून डोंगर दिसत नव्हते, वाऱ्याला जळक्या पानांचा वास होता. नातीने विचारलं, आजोबा, ही होळी कुणी पेटवली? मला चटकन उत्तर देता आलं नाही.

म्हापसा

सोलरचा अनुभव लिहितो, सविस्तर, कारण मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं.

२०२० मध्ये स्लॅबवर ३ किलोवॅटचा संच बसवला. एक किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरा. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असताना त्याहून थोडी जास्तही येते, पावसाळ्यात ढगांच्या दिवशी फारच कमी. दिवसा जादा झालेली वीज ग्रीडला, म्हणजे वीज खात्याच्या तारांत, जाते आणि नेट मीटर या दोन्हीकडची वीज मोजणाऱ्या मीटरमधून बिलात वळती होते. तोवर मी खूश होतो.

१६ मे २०२१ ला तौक्ते आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, चार दिवस वीज नव्हती. वादळ ओसरल्यावर लख्ख ऊन पडलं, छपरावर पॅनल चमकत होते आणि खाली घर अंधारात. फ्रीजमधलं आईचं इन्सुलिन मी शेजारच्या वाड्यात, जिथे जनरेटर होता तिथे नेऊन ठेवलं. मग कळलं की साधा ऑन-ग्रीड संच ग्रीडची वीज गेली की आपोआप बंद पडतो. तसा नियमच आहे, नाहीतर तारेवर चढलेल्या लाइनमनला आपल्या विजेचा धक्का बसेल. नियम बरोबर आहे. पण विकताना हे सांगायला हवं होतं.

नंतर ग्रीड गेली तरी बॅटरीवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि लहान बॅटरी घेतली. फ्रीज, दोन पंखे, चार दिवे, मोबाइल एवढंच तिच्यावर. खर्च बराच आला. पण ज्या हवेमुळे आपण सोलरकडे वळतोय, त्याच हवेत तो बंद पडणार असेल तर काय उपयोग?

आणखी दोन गोष्टी. किनाऱ्याजवळ क्लॅम्प आणि नटबोल्ट गंज न चढणारे आहेत का ते स्वतः चढून बघा. माझे साधे लोखंडी निघाले, दुसऱ्या पावसातच तांबूस पाणी भिंतीवर उतरलं. आणि काचेवर खाऱ्या हवेचा थर बसतो, तो पंधरा दिवसांनी सकाळी गार असताना पुसा. तापलेल्या पॅनलची वीज तशीही घटते, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के.

ढवळी

आमच्याकडे शेणाचा बायोगॅस. हिवाळ्यात गॅस कमी यायचा, सकाळच्या चहालाच संपायचा. आता हिवाळ्यातही दुपारची आमटी होते. उबेने गॅस वाढतो म्हणून. फायदाच झाला, पण कारण आठवलं की बरं वाटत नाही. साळगावच्या कचरा प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्याच्या गॅसवर वीज तयार होते. प्रत्येक तालुक्याला असं काही का नको?

मोलें, धारबांदोडा

स्वच्छ वीज हवी, मलाही हवी. पण ती कुठून आणि कशावरून येते हे आमच्या गावात राहून बघा. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, बहुतेक वीज बाहेरून येते. २०२० मध्ये ४०० केव्हीची वीजवाहिनी, दुपदरी रेल्वे आणि रुंद रस्ता, तिन्ही आमच्या अभयारण्यातून जाणार म्हणून माणसं उभी राहिली. चांदर गावात नोव्हेंबरच्या थंडीत रात्रभर लोक रुळांवर बसले, तिथे माझी बहीण होती. घरून आणलेल्या मेणबत्त्या आणि घुमटं, म्हणजे वाजवायची मातीची वाद्यं. रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

माझं म्हणणं एवढंच की जंगल तोडून आणलेली वीज सूर्याची असली तरी ती आमच्या ओढ्याला महाग पडते. ज्या सावलीमुळे इथे मार्चपर्यंत पहाटे गारवा टिकतो तीच कापायची आणि वर एसीला वीज पुरवायची, हे मला पटत नाही. छपरं आहेत ना गोव्यात, ती आधी भरू या. आता माझीच अडचण: घर कौलारू, वासे आजोबांच्या काळचे, दक्षिणेला तीन माड. सोलरवाला आला आणि वर न चढताच होईल म्हणाला. विश्वास ठेवावा का?

वाळपई (धागा सुरू करणारा)

सगळ्यांचं वाचलं. आगरवाड्याच्या ताईंचं दोनदा.

मोलेंच्या भाऊंना उत्तर, कारण आमचंही घर कौलारू. वर न चढता होईल म्हणणाऱ्याला परत पाठवा. आधी सुताराला आणून वासे आणि रिपा टोकरून बघा. एक पॅनल वीस-पंचवीस किलोचा, शिवाय वाऱ्याची ओढ वेगळी. वासे कमजोर असतील तर गोठ्याच्या किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडवर बसवा, आम्ही तेच केलं. २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. तरी गोव्यात घरगुती वापराचे पहिले युनिट स्वस्त असल्यामुळे कमी बिलवाल्यांचे पैसे सुटायला वर्षं लागतात, ते हिशोबात धरा.

सावलीचं मात्र आत्ताच बघा. माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज उतरू शकते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे सगळ्यांत खाली असतो, दुपारी बारालासुद्धा पन्नास-बावन्न अंशांवरच, त्यामुळे सावली वर्षातली सर्वांत लांब. मेमध्ये बघितलंत तर छप्पर मोकळं दिसेल आणि फसाल. उद्या सकाळी नऊला, बाराला आणि तीनला एकाच जागेवर उभं राहून पॅनल बसवायच्या छपराचे फोटो काढा आणि इथे टाका. माड तोडायचा विचार करू नका, आधी फोटो बघू.