मदत हवी आहे: आमचा आकाशकंदील झिरमिळ्यांनाच माणूस समजतो

सोसायटीच्या दारात दिवाळीला चार फुटी कंदील टांगायचाय. कामट्या, खळ, पतंगी कागद हे सगळं मावशीचं, आतली वायरिंग माझी. कल्पनाही तिचीच: एरवी निखाऱ्यासारखा धुगधुगावा, खालून कोणी आलं की पाकळी-पाकळीने उजळत जावा.

सामान: डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडी दिव्यांची ५ मीटर पट्टी (मीटरला ६० दिवे), ती चालवायला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर, ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय, बुडाशी खाली तोंड करून एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर. ३०० दिवे पूर्ण पांढरे लावले तर १८ अँपिअर ओढतील, म्हणून उजेड कोडमध्येच ४० टक्क्यांवर अडवलाय. (तसाही पांढरा मावशीला चालत नाही, "ट्यूबलाइट वाटते".)

एक अडचण म्हणजे पट्टीचं शेवटचं टोक लालसर पडतं. पण खरी डोकेदुखी सेन्सरची. टेबलावर शहाण्यासारखा चालला. झिरमिळ्या चिकटवल्यापासून वारं सुटलं की खाली चिटपाखरू नसताना कंदील उजळतो. ६० सेंमीच्या आतलं अंतर सोडून द्यायला सांगितलं, तर माणूस आला तरी ढिम्म! झिरमिळ्या निम्म्या कापू म्हटलं, तर मावशीने कात्रीच लपवली.

प्रतिसाद १
लालसर टोक म्हणजे तिथे व्होल्टेज पोचत नाही. निळ्या-हिरव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालचं २ वर भागतं, म्हणून ते दोघे आधी मान टाकतात. सप्लायच्या जाड वायरी दोन्ही टोकांना आणि मध्ये जोडा.

प्रतिसाद २
मावशींचं बरोबर आहे, कात्री लपलेलीच राहू दे. हा सेन्सर पहिला प्रतिध्वनी आला की तेच अंतर धरतो, झिरमिळीपलीकडचं त्याला कळतच नाही. कोड कितीही बदला. त्याऐवजी एलडी२४१० हा रडार सेन्सर घ्या. कागदातून आरपार बघतो, त्यामुळे कंदिलाच्या आत लपवता येतो. अंतराचे ०.७५ मीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी ठरवता येते. पहिला टप्पा जवळजवळ मिटवून टाका. फक्त तो दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत बघतो, शेजारून गेलेली स्कूटरही पकडेल.

धागाकर्ता
दोघांचे आभार. झिरमिळ्या दोन फुटी आहेत, म्हणजे सेन्सर बुडाशीच ठेवला तर पहिल्या टप्प्यात मावतात. स्कूटरचं मावशीला विचारलं. म्हणाली, "उजळू दे की, तोही माणूसच आहे." आज ऑर्डर टाकतो.