फादर सांगतात आणि आम्ही बटण दाबतो?

नंदगडची लेक

मागच्या आठवड्यात टिळकवाडीकरांनी इथं लिहिलं होतं की ख्रिस्ती माणसाचं मत त्याचं स्वतःचं नसतंच. रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर जे सुचवतात तेच बुधवारी मशीनवर उमटतं. खाली टाळ्या पडल्या, कुणीतरी रोमच्या रिमोटचा विनोदही केला. गप्प बसणार होते, पण माझ्या नात्यातल्याच एका शहाण्यानं ती पोस्ट मला "खरंय की" म्हणून पाठवली, तेव्हा डोकं फिरलं.

१० मे २०२३ ला, विधानसभेच्या मतदानादिवशी, बुधवार होता, एवढं तुमचं बरोबर. पुढचं बघा. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समिती आली, २०१८ ला काँग्रेस, २०२३ ला भाजप. आमचे फादर दर पाच वर्षांनी पक्ष बदलत होते काय? आणि आम्ही आहोत तरी किती? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कर्नाटकात १.८७ टक्के, आपल्या जिल्ह्यात त्याहून कमी. एवढ्या मतांवर आमदार ठरत असता तर आमच्या गावचा रस्ता कधीच झाला असता.

मिस्सेत काय सांगतात तेही सांगते. मत द्यायला जा, पैसे घेऊ नका, सगळ्यांचा विचार करणाऱ्याला निवडा. संपलं. कॅथलिक धर्मगुरूला राजकीय पक्षात काम करायला चर्चच्या कायद्यानंच मनाई आहे. खरी गंमत मिस्सेनंतर आवारात चालते. गेल्या खेपेला फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आधी एक उमेदवार आला. फादरांना शाल घातली, हातात नारळ दिला, "स्वामीजी" म्हणून हाक मारली. मग आवारातल्या मातीकडं बोट दाखवून म्हणाला, पेव्हर घालून देतो. घातले की! दारापासून क्रुसापर्यंत. क्रुसाच्या पुढं अजून चिखल आहे, कारण तोवर मतदान उरकलं होतं. पुढच्या फेस्ताला म्हाताऱ्या बायका अर्धी मिरवणूक पेव्हरवरून आणि अर्धी चपला हातात घेऊन चालल्या.

माझी तक्रार उलटी आहे. आमचं चर्च निवडणुकीत फार कमी बोलतं. मिझोरममध्ये चर्चच्या पुढाकारानं मिझो पीपल फोरम उभा राहिला, उमेदवारांना मेजवान्या आणि पैशांचा खेळ करू देत नाही, प्रचाराचे नियम घालून देतो. आमच्याकडं काय, तर अर्धे पेव्हर.

टिळकवाडीकर

ताई, "सगळ्यांचा विचार करणाऱ्याला निवडा" हाच तर इशारा. न कळायला आम्ही काय दूधखुळे? २०१८ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांनी पत्र काढून संविधान धोक्यात आहे म्हणून सांगितलं. तो धार्मिक उपदेश होता की प्रचार? केरळात १९५९ साली चर्च रस्त्यावर उतरलं आणि नंबुद्रीपादांचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार गेलं. आमच्या देवळातला पुजारी तीर्थ देतो, मत कुणाला द्यायचं ते सांगत नाही.

मलप्रभेकाठचा

पुजारी नाही सांगत, मठातले सांगतात. २०१७ ला बेळगावात स्वतंत्र लिंगायत धर्माच्या मागणीचा केवढा मेळावा झाला, स्टेजवर कोण कोण बसलं होतं आठवतंय का? निवडणूक आली की सगळे पक्ष मठाच्या पायरीवर. तिथं जाणारा भाविक आणि चर्चमध्ये जाणारा गुलाम, असं कसं? केरळात चर्चबरोबर नायर संघटनाही होती, तेवढं सोयीनं गाळलंत.

आणि कायदा सगळ्यांना एकच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) वाचा. धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार ठरतो, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१७ मध्ये त्यात मतदाराचा धर्मही धरला. चार विरुद्ध तीन असा निकाल होता. फादरांवर केस करा की, कुणी धरलंय?

समितीचा शिपाई

भाजप, काँग्रेस, मठ, सगळं झालं. सीमाप्रश्नाचं नाव कुणी काढलं नाही. खानापुरातले मराठी बोलणारे ख्रिस्ती समितीला मत देतात का, याचं उत्तर द्या. घरात मराठी, भांडण मराठीत, पोरांच्या लग्नपत्रिका मराठीत, आणि मत मात्र बेंगळूरच्या पक्षाला. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला सायकल फेरीत एक तरी फादर दाखवा. ही सवय जुनी आहे. १९६७ ला गोव्यात महाराष्ट्रात सामील व्हायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा चर्चनंच खोडा घातला. तेव्हा गोवा आला असता तर आज बेळगावचं चित्र वेगळं असतं.

कॅम्पातला

आता बोलावंच लागणार. माझे आजोबा गोव्याहून बेळगावला कामाला आले, घरात कोकणी, शाळा इंग्रजी, बाजारात मराठी. १९६७ चे आकडे पाठ आहेत मला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१, बाजूनं १,३८,१७०. गोव्यात तेव्हा ख्रिस्ती चाळीस टक्क्यांच्या आत होते. विरोधातली एवढी मतं एकट्या आमच्या लोकांची असूच शकत नाहीत. गोव्यातल्या हिंदूंनीही महाराष्ट्र नको म्हटलं. त्याचा राग आमच्यावर काढायचा आणि पुन्हा मतं मागायला आमच्याच दारात यायचं, ही कुठली रीत?

समितीचा शिपाई

आकडे पाठ असतील. तुमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा कितीला असते ते पाठ आहे का? कानडी आहे, इंग्रजी आहे, कोकणी आहे. मराठी विचारली की म्हणतात लोक येत नाहीत. लोक येत नाहीत कारण तुम्ही वेळ पहाटेची दिलीय! हे कानडीकरण चर्चमधून चाललंय, आणि तुम्ही त्याला सर्वसमावेशक म्हणताय.

कॅम्पातला

तोंड सांभाळून. माझी आई मराठी मिस्सेत गायची, पेटीवर कोण होतं तेही सांगू का? तमीळ लोकांनाही मिस्सा हवी, कानडी लोकांनाही हवी, एका रविवारी एक पाद्री किती ठिकाणी उभा राहणार? तुमच्या समितीला एका मतदारसंघात एक उमेदवार ठरवता येत नाही. २०१८ ला खानापुरात समितीतच फूट पडली, आणि दोष मिस्सेच्या वेळापत्रकाला!

समितीचा शिपाई

फूट आमची, आम्ही बघून घेऊ. बाहेरच्यानं नाक खुपसू नये.

कॅम्पातला

बाहेरचा? तिसऱ्या पिढीत? हेच तुमचं वाक्य कन्नडवादी कर्नाटक रक्षण वेदिकेवाले तुम्हाला ऐकवतात, तेव्हा कसं लागतं?

पाळकाचा मुलगा

दोघंही जरा दम खा. वडील मेथॉडिस्ट पाळक, मराठी उपासना चालवायचे. १९८६ च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनात त्यांनी पाठीवर काठी खाल्लीय. शिपाईसाहेब, मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले, १८५४ साली ख्रिस्ती झाले. सीमाभागातल्या मराठीची मालकी तुमच्या एकट्याकडं कधी आली?

पण मला बोलायचंय ते वेगळं. इथं सगळे कॅथलिक आवाराबद्दल बोलताहेत, ज्यांना आवार आहे, क्रूस आहे, पेव्हर तरी आहेत. भाड्याच्या हॉलमध्ये उपासना करणाऱ्यांचं काय? डिसेंबर २०२१ ला बेळगावच्या सुवर्णसौधात धर्मांतरबंदीचा कायदा विधानसभेत मंजूर झाला. अधिवेशनाच्या तोंडावर आमच्या हॉलच्या मालकानं किल्ली परत मागितली. भला माणूस, वर्षानुवर्षं ओळख. म्हणाला, "राग मानू नका, माझ्या पोराचं दुकान आहे खाली." खुर्च्या टेम्पोत भरून एका विश्वासणाऱ्याच्या गोठ्याशेजारी नेल्या. नाताळची उपासना तिथंच झाली, उपदेश चालू असताना मागं म्हैस हंबरत होती आणि पोरं हसत होती. त्यानंतर आमच्यातल्या लोकांनी कुणाला मत दिलं असेल ते सांगायला फादर लागत नाही, टिळकवाडीकर. बिशप लागत नाही, पोपही लागत नाही. तीस दिवस आधी डीसींना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, कळवून मग धर्म बदलायचा, असा नियम तुमच्यावर आला असता तर तुम्ही कुणाला मत दिलं असतं?

टिळकवाडीकर

किल्ली परत मागितली ते वाईट झालं, मान्य. पण कायदा फसवून केलेल्या धर्मांतरासाठी होता. खरं धर्मांतर असेल तर तीस दिवस थांबायला काय जातं? आणि बघा, शेवटी तुम्हीच कबूल केलंत की ख्रिस्ती मतं एका बाजूला गेली. मग माझ्या पोस्टमध्ये खोटं काय होतं?

पाळकाचा मुलगा

खोटं हे की तुम्ही कारण पाद्र्याला चिकटवलंत. कारण कायदा होता. आणि ज्यांना मत दिलं त्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं जून २०२३ मध्ये तो रद्द करायचा निर्णय घेतला, आमच्याकडं केक कापले लोकांनी. मी तेव्हाच म्हटलं, निर्णय वेगळा आणि कायदा वेगळा, केक जपून खा. घरात सगळे माझ्यावर चिडले.

तिसरी पिढी

बराच वेळ वाचतोय. मिस्सेची वेळ, गोव्याचं मतदान, हॉलची किल्ली. आता माझं ऐका, नंदगडच्या ताईंनी विशेष ऐका.

आमचं घराणं पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं. गावानं आम्हाला पूर्वी जिथं बसवलं होतं तिथंच बसवलं, फरक एवढाच की सरकारनं यादीतून काढलं. १९५० च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जात म्हणजे हिंदू. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आम्ही बाहेरच. कर्नाटकात आम्हाला मागासवर्गीयांच्या प्रवर्ग १ मध्ये टाकलंय, शाळा-नोकरीत थोडंफार मिळतं. निवडणुकीत शून्य. आपल्या जिल्ह्यात रायबाग आणि कुडची राखीव आहेत. माझा चुलतभाऊ, कागदावर हिंदू, तिथं उभा राहू शकतो. रविवारी तोही गाणी म्हणतो, पण शेजारच्या गावात जाऊन, मागच्या बाकावर. मी उघडपणे चर्चमध्ये जातो म्हणून उभा राहू शकत नाही. विश्वास आणि निवडणूक यांचा संबंध विचारताय ना? हा आहे संबंध.

२०२५ च्या जातसर्वेक्षणात जातीच्या नावापुढं ख्रिश्चन लावलेल्या नोंदी दिसल्या तेव्हा केवढा गहजब झाला! ख्रिस्ती धर्मात जात नसते म्हणे. असं म्हणणारे आमच्या गावात एकदा येऊन दोन दफनभूमी बघून जा. मोठी आहे तिला कंपाउंड आहे, गेट आहे. आमची ओढ्याकाठी, पावसाळ्यात कुत्री उकरतात. उमेदवार आला तेव्हा समितीतल्या मोठ्या लोकांनी, म्हणजे चर्चच्या समितीतल्या, शाळेच्या हॉलवर पत्रे मागितले. ताई, तुमचे पेव्हर अर्धे तरी झाले.

नंदगडची लेक

चर्चनं बोलावं हेच मी म्हणत होते की. तुम्ही माझ्यावरच का घसरताय?

तिसरी पिढी

कारण तुम्ही बोलावं म्हणता तेव्हा मेजवान्या आणि पैशांबद्दल म्हणता. त्यावर बोलायला कुणाचं काही जात नाही. १९५० च्या आदेशाबद्दल मोर्चे निघतात, पत्रकं निघतात, दिल्लीत. इथल्या आवारात उमेदवार शाल घेऊन येतो तेव्हा त्याला कुणी विचारतं का, की राखीव जागेवर आमचा माणूस कधी उभा राहणार? का ओढ्याकाठचं कंपाउंड कधी होणार?

नंदगडची लेक

विचारत नाही. आमच्याकडं तर नाहीच विचारलं. पण सगळ्याचं खापर समितीवर फोडू नका, मीही त्या समितीत आहे, बायकांना तिथं चहा करायला बोलावतात आणि ठराव आधीच लिहिलेला असतो.

मलप्रभेकाठचा

पंचायतीतही तेच चालतं, ताई. सही नवऱ्याची, खुर्ची बायकोची.

टिळकवाडीकर

बरं, फादर मत ठरवत नाहीत, पेव्हर ठरवतात. माझी पोस्ट दुरुस्त करतो. आता खूश?

तिसरी पिढी

पेव्हरही ठरवत नाहीत. पेव्हर दोन्ही पक्षांनी घातले असते. पण करा दुरुस्त, निदान "गुलाम" शब्द तरी काढा.

टिळकवाडीकर

गुलाम मी लिहिलंच नव्हतं, ते मलप्रभेकाठच्यांनी लिहिलं. असो, काढतो म्हणजे नसलेला काढतो.

समितीचा शिपाई

मराठी मिस्सेची वेळ अजून कुणी सांगितली नाही.

कॅम्पातला

सकाळी सहा. या, पण रविवारी सहाला उठणारा समितीचा माणूस मी तरी निवडणुकीच्या दिवशीच पाहिलाय.