मदत हवी आहे: न झालेल्या महिला सभेच्या रजिस्टरवर सही केली, आता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत काय करू?

माळरान (५ सप्टेंबर)

नमस्कार. आटपाडी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गाव लहान आहे, कोण लिहितंय ते लगेच कळेल.

आमच्याकडचे निम्मे पुरुष गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यात, देशभर पांगलेले. आम्हीपण बारा वर्षं कोइमतूरला होतो. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी मुलांना घेऊन गावी आले. मालक तिकडेच आहेत. आम्ही गावठाणात नाही, वस्तीवर राहतो. दीड किलोमीटर लांब, पस्तीस घरं. प्रत्येक घरासमोर जलजीवन योजनेचा नळ आहे, निळा पाईप, तोटी, सगळं. पाणी गेल्या दिवाळीत अकरा दिवस आलं, त्यानंतर एकदाही नाही. आम्ही बाया अजून मळ्यातल्या विहिरीवरनं भरतो.

आता मूळ गोष्ट. १६ ऑगस्टला दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. "वहिनी, सही करा, महिला सभेची आहे." मी भाकरी थापत होते. हात पुसले आणि सही केली. सासूबाईंचा अंगठाही घेतला त्यानं. तो गेल्यावर डोक्यात आलं, सभा झाली कधी? शेजारणींना विचारलं, सगळ्यांनी तशीच केलेली. वर काय लिहिलं होतं ते एकीनंही वाचलं नव्हतं. मी बारावी शिकलेली बाई, मीसुद्धा नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

मला निवडणूक लढवायची नाही, कुठल्या पक्षातही जायचं नाही. सरपंच बाई आहेत, पण सभेत त्यांचे मालकच बोलतात, आणि ते आमच्या भावकीतले आहेत. भांडण नको आहे. पण गावचा कारभार आपल्याला कळावा आणि वस्तीचं पाणी यावं एवढं फार वाटतं. ग्रामसभेत मी नुसती जाऊन बसू शकते का? बोलू शकते का? त्या सहीचं काय होणार? कुठून सुरुवात करू, कृपया सांगा.

---

कऱ्हाडकर

ताई, पंचायत समितीत ३१ वर्षं नोकरी झाली, शेवटची नऊ विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून. अशी घरोघर फिरलेली रजिस्टरं मी पाहिली आहेत आणि काही वेळा त्यावर शेरा न मारता पुढंही गेलो आहे. त्याची खंत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ग्रामसभेत 'बसू का' असं विचारायचंच नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्यच असतो. पंचायतीचा सदस्य निवडून यावा लागतो, ग्रामसभेचा नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास त्या होतात, आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. तुमच्या कोइमतूरच्या वर्षांत नाव यादीतून गेलं नाही ना, एवढं आधी बघा.

दुसरं, ती सही. रजिस्टरवरची सही हजेरीची असते, ठरावाला संमतीची नसते. पण हजेरी भरलेली दिसली की खालचा ठराव खरा दिसतो, म्हणून तर ती घेत फिरतात. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. तुमच्यासारख्या निम्मं गाव बाहेर असलेल्या ठिकाणी शंभर माणसं जमवणं अवघड, हे मी जाणून आहे. म्हणून वही फिरते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जलजीवनच्या योजनेत गाव 'हर घर जल' म्हणून प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. काम पुरं झाल्याचं पत्र सभेत वाचायचं आणि लोकांनी 'होय, प्रत्येक घरात पाणी येतं' असं म्हणायचं, अशी ती पद्धत. तुमच्याकडे तसा ठराव झालाय असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसाच्या इतिवृत्तात काय लिहिलंय ते आधी बघा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक, तुमच्याकडे भाऊसाहेबच म्हणत असतील) साध्या कागदावर अर्ज करा: अमुक तारखेच्या महिला सभेच्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळावी. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

---

विटेकर७

कशाला अर्ज-विनंत्या? सरळ माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, झालं. ३० दिवसांत द्यावंच लागतं. नाही दिलं तर पंचायत समितीत पहिलं अपील.

---

कऱ्हाडकर

विटेकर, माहिती अधिकार टाकायचाच, पण आज ५ तारीख आहे. ३० दिवस धरले तर माहिती सभा होऊन गेल्यावर हातात येईल. म्हणून साधा अर्ज आज आणि माहिती अधिकारही आजच, दोन्ही. शिवाय गावात पहिलंच पाऊल माहिती अधिकाराचं पडलं की समोरचा माणूस कागद आवरायला लागतो. आधी तोंडी विचारलं, मग लेखी, तर बऱ्याच वेळा तो स्वतःच वही उघडून दाखवतो.

आणि ताई, मोबाईलवर ई-ग्रामस्वराज (पंचायतींच्या कामांची सरकारी वेबसाईट) उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की वित्त आयोगाच्या पैशातून तुमच्या गावात कोणत्या वर्षी कोणतं काम घेतलं, किती खर्च पडला ते दिसतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. येत्या सभेत याची आठवण ठेवा, कारण पुढच्या वर्षाचा गावविकास आराखडा २ ऑक्टोबरपासूनच धरायला सुरुवात होते. वस्तीचं काम त्यात आलं नाही तर मग वर्षभर 'आराखड्यात नाही' एवढं एकच उत्तर मिळतं.

---

येरळाकाठ

ताई, मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, राखीव जागेवर. पहिलं वर्ष मीपण नुसत्या सह्याच केल्या. म्हणून कायद्याचं कऱ्हाडकर काकांवर सोडते आणि बाकीचं सांगते.

एकटी जाऊ नका. वस्तीवर बचत गट असेल ना? त्याच्या बैठकीत हा विषय काढा. पाच-सहा जणी एकत्र गेल्या की मागच्या बाकावरही बसवत नाहीत आणि "वहिनींना काय कळतंय" असंही म्हणत नाहीत. सभेत खोटी वही, भ्रष्टाचार असले शब्द तोंडातून काढू नका. त्या शब्दांवर भांडण होतं आणि पाणी राहतं बाजूला. 'आमच्या पस्तीस घरांत पाणी येत नाही' एवढंच. आणि त्याला पुरावा. आजपासून एक वही घाला, तारीख आणि पुढे 'आलं' किंवा 'नाही'. योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. घरात सहा माणसं तर ३३० लिटर. मोठा हंडा पंधरा लिटरचा धरला तर बावीस हंडे, आणि मिळतोय शून्य. हे असं सांगितलं की गावठाणातल्या माणसालाही कळतं.

सरपंच बाईंना आधी भेटा, मालक घरी नसताना. त्यांना विरोधात धरू नका. त्यांच्याही सह्या कुणीतरी 'करा' म्हणून करून घेत असेल. मी त्या जागी होते, मला ठाऊक आहे.

आणि महिला सभेला कमी लेखू नका. तुमच्याच जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. ऑगस्ट २०२२ मध्ये बायकांच्या सभेत ठरलेली गोष्ट आहे ती.

---

मिरजवाला

विषयाला थोडं सोडून विचारतो. आम्हा शहरवाल्यांना ग्रामसभाच नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत साध्या नागरिकानं काय करायचं?

---

कऱ्हाडकर

शहराला ग्रामसभेइतकी हक्काची जागा नाही, हे खरं. कायद्यात क्षेत्रसभा आहेत, पण त्या भरलेल्या मी पाहिल्या नाहीत. विकास आराखडा किंवा प्रभागरचना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांची मुदत असते, ती चुकवू नका. तिथं लेखी हरकत घेतली की सुनावणीला बोलवावं लागतं. यावर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

ताई, तुमच्यासाठी अजून एक. तुमचं आटपाडी औंध संस्थानात होतं. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली आपणहून सत्ता सोडून गावपंचायतींच्या हाती दिली. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली. देशात पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली ती १९९३ ला. म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांना हा हक्क चोपन्न वर्षं आधी मिळाला होता. सभेत उभं राहताना पाय कापले तर हे आठवा.

---

माळरान (२१ सप्टेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

यादीत नाव आहे. अर्ज दिला, पोच मिळाली. भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार आहे, आठवड्यातनं दोन दिवस येतात, त्यामुळे चार खेपा झाल्या. पण माणूस वाईट नाही. चौथ्या खेपेला त्यांनी वही पुढं केली आणि म्हणाले, वाचा.

१४ ऑगस्टची महिला सभा, ७३ महिला हजर, तीन विषय. तिसरा विषय: नळपाणी योजनेचे काम समाधानकारक असून सर्व कुटुंबांना नियमित पाणी मिळते, तरी ग्रामसभेस शिफारस करण्यात येते. त्या ७३ मध्ये माझं नाव, सासूबाईंचं नाव. मला तिथंच भोवळ आल्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट ऐका. भिंतीवर पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा फलक आहे, त्यावर चौथं नाव सासूबाईंचं! घरी येऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं. मी कशी काय असंन?" समिती म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत नीट.

आता विचारायचं हे: मी त्या सभेला हजर नव्हते असं लिहून दिलं तर माझ्यावरच उलटेल का?

---

कऱ्हाडकर

नाही उलटत. खरं लिहा: 'सभेस मी हजर नव्हते, सही दि. १६ ऑगस्ट रोजी घरी घेण्यात आली, मजकूर वाचून दाखवला नव्हता.' एक प्रत ग्रामपंचायतीला, एक गटविकास अधिकाऱ्यांना. कुणावर आरोप नाही, फक्त घडलेलं. आणि त्याच दिवशी २ ऑक्टोबरच्या सभेसाठी विषय लेखी द्या, 'वस्तीवरील नळांना पाणी न येणेबाबत'. सभा तहकूब झाली तरी विषय कागदावर राहतो. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हेही ध्यानात ठेवा. गणपूर्ती नाही म्हणून निराश होऊन घरी बसलात तर पुढच्या सभेत पंधरा माणसं सगळं ठरवतील.

फलकावर तुमच्या सासूबाईंचं नाव कसं आलं ते सांगतो. त्या समितीत निम्म्या महिला हव्यात, म्हणून नावं भरली जातात. पण नाव आहे म्हटल्यावर अधिकार आहेच. योजनेचा हिशेब त्या मागू शकतात. त्यांना सभेला न्या.

---

येरळाकाठ

हो, त्यांना न्याच! आणि त्यांनाच बोलू द्या.

---

माळरान (११ ऑक्टोबर)

२ तारखेला एकसष्ट माणसं आली, सभा तहकूब. परवा ९ तारखेला पुन्हा भरली. आलेल्या अठ्ठेचाळीस जणांत आमच्या वस्तीवरच्या बावीस, त्यात सतरा बाया. सरपंच बाईंकडे मी आधी जाऊन आले होते. सभेत त्यांचे मालक बोलायला उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा, तो विषय मी घेते." पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला गावानं.

मी वही वाचली. ५ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर, चौतीस दिवस, 'नाही, नाही, नाही'. मग सासूबाई उठल्या. घामानं पदर भिजला होता त्यांचा. म्हणाल्या, "मी समितीत हाय म्हणं. मग मला दावा, पाणी कुठं अडलंय ते." एवढंच बोलल्या. उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग व्हॉल्व्ह चालवणारा पोरगा हळूच म्हणाला की टाकी भरते ती गावठाणालाच पुरते, वस्तीच्या लाईनला दाब मिळत नाही, मधल्या ओढ्याजवळ पाईप दोन ठिकाणी फुटलाय. म्हणजे त्याला हे माहीत होतं. आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ठराव लिहिला तो असा: वस्तीवरील ३५ कुटुंबांना पाणी मिळत नसल्याने योजना पूर्ण झाल्याचे मान्य करता येत नाही, पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांनी समितीच्या महिला सदस्यांसमक्ष पाहणी करावी. भाऊसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला. सासूबाईंनी तो पुन्हा वाचायला लावला आणि मगच अंगठा दिला.

भावकीचं म्हणाल तर चुलत दीर बोलायचे बंद झालेत. दसऱ्याला घरी येऊन सोनं दिलं नाही त्यांनी. वाईट वाटतं, पण आता मागं येणार नाही.

ठरावाची नक्कल सोमवारी मिळेल. ती पाणीपुरवठा विभागात कुणाच्या नावे द्यायची, आटपाडीत की थेट सांगलीला जिल्हा परिषदेत? आणि पाहणीला येताना त्यांनी आम्हाला आधी कळवावं म्हणून अर्जात काय शब्द घालू?