मदत हवी आहे: अक्षांश एक, महासागर एक, मग रिओ हिरवं आणि वॉल्व्हिस बे कोरडं ठाक का?

नमस्कार मंडळी,

शाळेत 'थंड सागरी प्रवाहामुळे किनाऱ्यावर वाळवंट तयार होते' हे वाक्य घोकून मी दोन गुण मिळवले होते. आता तेच वाक्य छळायला लागलंय, म्हणून हा धागा.

झालं असं की नकाशावर बोट फिरवता फिरवता दोन गावं सापडली. ब्राझीलमधलं रिओ दी जानेरो २२°५४′ दक्षिण अक्षांशावर आणि नामिबियातलं वॉल्व्हिस बे २२°५७′ वर. मधे अटलांटिक, जवळजवळ सहा हजार किलोमीटर. दोन्ही बंदरं, दोन्ही मकरवृत्ताच्या जरा उत्तरेला. म्हणजे सूर्य दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. पण रिओत वर्षाला साधारण ११०० ते १२०० मिमी पाऊस आणि शहराच्या मधोमध घनदाट जंगल, तर वॉल्व्हिस बेत वर्षाचा पाऊस २० मिमीसुद्धा नाही. गावाबाहेर पडलं की थेट नामिब वाळवंटाची वाळू.

इथवर ठीक. माझी अडचण पुढे आहे. वॉल्व्हिस बेची हवा मुळीच कोरडी नाही! आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास, वर्षातले शंभरहून जास्त दिवस धुकं. पाणी समोर, पाणी हवेत, आणि पाऊस मात्र नाही. हे कसं? 'थंड प्रवाह' एवढ्यावर समाधान होत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
नामिबियाच्या किनाऱ्याने वाहणारा थंड बेंग्वेला प्रवाह. विषय संपला. :)

धागाकर्ता:
दोन गुण तुम्हालाही दिले. पण थंड पाण्यामुळे धुकं पडतं आणि पाऊस अडतो, हे दोन्ही एकाच वेळी कसं, हा प्रश्न उरतोच.

प्रतिसाद:
प्रश्न आवडला. सगळ्यात आधी तो ८० टक्क्यांचा आकडा बाजूला ठेवा, तो फसवा आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के भरली आहे ते. १५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २६ अंशांच्या हवेत सुमारे २४ ग्रॅम. वॉल्व्हिस बेची वाटी लहान, रिओचं पातेलं मोठं. दोन्ही ८० टक्के भरलेली असली तरी ओतल्यावर सारखं पाणी निघणार नाही.

पण खरी मेख वाफेत नाही, ती हवा वर जाण्यात आहे. पाऊस पडायचा तर हवा वर चढायला हवी, चढता चढता गार व्हायला हवी आणि ढगांना बऱ्यापैकी जाडी यायला हवी. दक्षिण अटलांटिकवर उपोष्ण जास्त दाबाचं मोठं केंद्र असतं. त्याच्या पूर्व बाजूला, म्हणजे आफ्रिकेकडे, हवा वरून खाली उतरत असते. उतरताना दाबली जाते, तापते, कोरडी होते. खाली मात्र थंड पाण्याला टेकलेली गार हवा. म्हणजे गार थर तळाशी आणि उबदार थर डोक्यावर, नेहमीच्या उलट. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. भांड्यावर झाकण बसावं तशी ती बसते, आणि ते झाकण समुद्रापासून काहीशे मीटर उंचीवरच असतं. त्याखाली वाफेचं पाणी होतं ते धुक्याच्या बारीक थेंबांत. ते इतके हलके की हवेत तरंगतच राहतात.

अवांतर: तिथला एक भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर जाऊन डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर धुकं जमतं आणि ओघळून तोंडात येतं. पावसाच्या नादी न लागलेला शहाणा जीव.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो. बेंग्वेला दक्षिणेकडून थंड पाणी आणतो हे अर्धंच खरं. तिथे वारा दक्षिणेकडून, किनाऱ्याला बराचसा समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं. मासळी भरपूर आहे तीही याच पाण्यावर.

रिओचं सगळंच उलट. ब्राझील प्रवाह उष्ण, विषुववृत्ताकडून येणारा. दाबाच्या केंद्राची पश्चिम बाजू, त्यामुळे हवा तितकीशी खाली बसत नाही आणि समुद्रावरचे दमट वारे जमिनीकडे येतात. उन्हाळ्यात ॲमेझॉनकडची वाफही इकडे वळते आणि दक्षिणेकडून आलेल्या थंड हवेच्या आघाड्या या भागात येऊन रेंगाळतात. वर डोंगर अगदी अंगावर. शहरातलंच तिजुका शिखर १०२१ मीटर. वारा आला की त्याला चढावंच लागतं. नामिबियात पठाराचा उंच कडा किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तिथवर हा धुक्याचा पातळ थर पोचला तरी वर चढण्याइतका उंच नसतो.

धागाकर्ता:
झाकणाची कल्पना डोक्यात बसली. म्हणजे थंड पाणी हा गुन्हेगार, असंच ना शेवटी?

प्रतिसाद:
एकटा नाही! रिओच्या पूर्वेला, त्याच अक्षांशावर काबो फ्रिओ पाहा. नावाचा अर्थच 'थंड भूशिर'. तिथे ईशान्येचा वारा सुटला की वरच्यासारखंच खोलचं गार पाणी वर येतं, विशेषतः उन्हाळ्यात. परिणामही दिसतो: रिओपेक्षा कमी पाऊस, निवडुंगाची झुडपं, मिठागरं. मिठागरं वॉल्व्हिस बेतही आहेत. पण काबो फ्रिओचं नामिब झालेलं नाही, कारण डोक्यावर बारमाही झाकण नाही. थंड पाण्याने पाऊस घटतो. तो जवळजवळ पुसून टाकायला वरून उतरणारी हवा आणि किनाऱ्याला समांतर वारा यांची साथ लागते.

उलट पुरावाही आहे. काही वर्षी अंगोला-नामिबियाच्या किनाऱ्यावर उबदार पाणी सरकतं, त्याला बेंग्वेला निन्यो म्हणतात. १९८४ आणि १९९५ ही ठळक वर्षं. तेव्हा त्या किनारपट्टीवर पाऊस वाढतो. चूभूद्याघ्या.

धागाकर्ता:
काबो फ्रिओने पार विकेट काढली, नकाशात शेजारीच होतं. मनापासून आभार.

आता शेवटचं. वॉल्व्हिस बेत सगळ्यात उबदार महिन्याची सरासरीही २० च्या आतबाहेर. पण माझ्याकडच्या नोंदींत पस्तिशी ओलांडणारे काही दिवस आहेत, आणि तेही जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. तक्ता चुकलाय ना?

प्रतिसाद:
चुकलेला नसावा. हिवाळ्यात आतल्या पठारावर हवेचा दाब वाढतो आणि वारा उलटा, पूर्वेकडून किनाऱ्याकडे सुटतो. पठार हजार मीटरच्या वर आहे. कोरडी हवा उतरताना दर १०० मीटरला साधारण १ अंशाने तापते, त्यामुळे खाली पोचेपर्यंत दहा अंश तरी वाढलेले असतात. सोबत वाळूही येते. त्या दिवशी झाकणबिकण सगळं समुद्रावर लोटलं जातं, धुकं औषधालाही सापडत नाही. त्या तारखांना वारा कुठून होता ते तपासा.

धागाकर्ता:
तपासलं. तीन तारखा पाहिल्या, तिन्हींना वारा पूर्वेचा. मी त्या ओळी छपाईची चूक समजून लाल पेनने खोडल्या होत्या. आता परत लिहितोय.