वीजबिल वाढलं आणि माळ्यावरचा बंब आठवला

सांडशी
थंडीतलं वीजबिल हातात आलं की माळ्यावरच्या पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाकडे नजर जातेच. बिलाचा मोठा वाटा अंघोळीच्या पाण्यात जातो. १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ३७५ किलोकॅलरी, म्हणजे साधारण ०.४४ युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या पावणेदोन युनिट, महिन्याचे ५२. हे कुठलाही गीझर घेतला तरी लागणारच. त्याच्या वरचं जे जातं ते बटण चालू राहिल्याने. टाकी गार होत राहते आणि थर्मोस्टॅट तिला परत परत तापवत बसतो.

बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी, त्यामुळे चुलीवरच्या हंड्यासारखी आच बाजूने निसटत नाही. नळीच्या तळाशी जाळी, खाली राखेची जागा. जळण वरून टाकायचं. नियम एकच: पाणी आधी, विस्तव नंतर. रिकामा बंब पेटवला तर सांध्याचा डाग (धातू वितळवून केलेला जोड) वितळतो आणि बंब गळका होतो. राख रोज काढायची, कारण जाळी बुजली की खालून वारा मिळत नाही, मग नुसता धूर. काही बंबांना तोटी वरच्या अंगाला असते आणि गार पाण्याचं नरसाळं थेट तळापर्यंत जातं. जेवढं गार ओताल तेवढंच कढत बाहेर येतं.

बंब, स्टोव्ह, शेगड्या, जुने पंखे, कोणाला काय नेमकं माहीत असेल ते लिहा. कसं चालायचं, काय बिघडायचं, आज त्यातलं काय उपयोगी आहे.

वखारीशेजारी
भुशाची शेगडी राहायला नको. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्यायचा, वरचं झाकण पूर्ण कापायचं, बाजूला तळालगत दोन इंचांचं भोक. मधोमध बाटली किंवा गोल दांडकं उभं धरायचं, भोकातून दुसरं दांडकं आडवं सारून त्याला टेकवायचं. मग लाकडाचा कोरडा भुसा तीन-तीन बोटांच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थर ठोकून ठोकून बसवायचा. भरून झाल्यावर दोन्ही दांडकी गोल फिरवत हळूच काढायची. सरळ ओढली तर भुसा ढासळतो. आत काटकोनाच्या आकाराचं भुयार राहतं. खालच्या भोकात एक ढलपी सारून पेटवायची.

ज्वाळा मधल्या भोकातून वर येते आणि भुसा आतून बाहेर जळत जातो. घट्ट भरलेली शेगडी तीन-चार तास सहज चालते. आच कमी करायची तर खालचं भोक विटेच्या तुकड्याने अर्धं झाकायचं. भांडं तीन खड्यांवर टेकवायचं, काठावर नाही, नाहीतर धूर निघायला वाट मिळत नाही आणि शेगडी विझते.

टिकली
@वखारीशेजारी भुसा सागाचा की कुठलाही?

वखारीशेजारी
कुठलाही चालतो, फक्त कोरडा हवा. रंध्याचे मोठे छिलके मात्र नकोत, ते दाबून बसत नाहीत. आणि प्लायवूडचा भुसा चुकूनही नको, त्यातल्या गोंदाचा धूर फार वाईट. एकदा पेटली की मध्येच भुसा टाकता येत नाही हेही लक्षात ठेवा. संपली की रिकामी करून नव्याने भरायची.

पिनवाला
आता स्टोव्ह. पंपाचा म्हणजे प्रायमस, मूळ स्वीडनचा, १८९२चा शोध. टाकी पाऊणच भरायची, वर हवेला जागा हवी. हवेची चावी सैल ठेवायची. काकडा (तारेच्या पकडीला गुंडाळलेली वात) स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला अडकवायचा आणि पेटवायचा. काकडा विझत आला की चावी बंद करून पंप मारायचा, आधी चार-पाच, निळी ज्योत धरली की बाकीचे.

घाई केली तर पिवळी ज्वाळा छतापर्यंत. बर्नर पुरेसा तापलेला नसतो, रॉकेलची वाफ होत नाही, पातळ रॉकेलच वर येऊन जळतं. अशा वेळी पंप मारत सुटायचं नाही, चावी सोडायची.

बिघाड ठरलेले:
पंप मारला तरी हवा भरत नाही, दांडा नुसता खालीवर होतो = चामड्याचा वायसर सुकलाय. काढून खोबरेल चोळायचं, कडा बोटाने फाकवायच्या, परत बसवायचा. नवीन लागत नाही.
दांडा आपोआप वर येतो, पंपात रॉकेल येतं = तळातल्या व्हॉल्व्हचं रबर गेलं.
ज्योत एका बाजूला तिरकी = निपलमध्ये (रॉकेलची वाफ जिथून सुटते त्या बारीक भोकात) काजळी. पिन सरळ घालून सरळ काढायची. तिरकी घातली की एकतर पिन मोडते नाहीतर भोक मोठं होतं, मग स्टोव्ह कायमचा काजळी धरतो.
मानेशी रॉकेल झिरपतं = शिशाचा वायसर बदला. जोर लावून आवळत बसू नका, आटे जातात.

अळूवडी
काकडा!!! किती वर्षांनी हा शब्द वाचला 😊 आणि तो भर्रर्र आवाज. आवाज बंद झाला की स्वयंपाक झाला असं घरभर कळायचं.

पिनवाला
@अळूवडी बिनआवाजाचा बर्नरही यायचा, टोपीला बारीक भोकं असलेला. आच सारखी लागायची पण भोकं लवकर बुजायची.

वातीच्या स्टोव्हचंही लिहितो, कारण रॉकेल वाचवायचा तोच. इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाने काढलेला नूतन त्यातला चांगला. सगळ्या वाती एका उंचीच्या हव्यात. एक जरी वर राहिली तरी तेवढ्या भागात पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी. आठवड्याने जळका भाग कात्रीने आडवा सरळ कापायचा. टाकी पूर्ण सुकेपर्यंत जाळायची नाही, रॉकेल संपलं की वातच जळू लागते. चाळणीच्या दोन्ही नळ्या जागेवर नीट बसल्यात ना हे पेटवल्या पेटवल्या हलवून बघायचं, तिरक्या बसल्या की वास आणि धूर.

मीटरवाचक
जरा बिलाकडे येऊ. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५००च्या वर. पुष्कळांना वाटतं ३०१वं युनिट पडलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर, त्यापुढच्या २००ना दुसरा, असं चढत जातं.

म्हणजेच वाचवलेलं युनिट हे तुमचं सगळ्यात महागडं, टोकाचं युनिट असतं. सांडशींच्या ५२ युनिटांतली २० वाचली तर ती वरच्या टप्प्यातून कमी होतात. बिलावर ऊर्जा आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतं. स्थिर आकार सोडला तर बाकीचे युनिटांबरोबर खाली-वर होतात. नुसता दर गुणिले युनिट करून "बिल जास्त आलं" म्हणण्याआधी हे मांडून बघा.

करवंटी
बंबाचं जळण तर लिहा कोणीतरी! आमच्या कोकणात लाकूड बंबात क्वचितच. चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) पेटवायला, करवंट्या आच धरायला. करवंटी तेलकट, झटकन पेटते आणि तिचा निखारा टिकतो. सोडण पावसाळ्यात ओल धरतं म्हणून चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायचं, धुरानेच सुकतं. ओलं जळण म्हणजे निम्मी आच त्यातलं पाणी उडवण्यात.

आणि वैल, म्हणजे चुलीला मागे जोडलेली दुसरी चूल, विसरू नका. चुलीची आच मागच्या भोकातून वैलावर जाते, तिथे वेगळा जाळ नाही. पुढे भाकरी, वैलावर आमटी नाहीतर पाण्याचा टोप. एकाच जळणात दोन कामं.

टिकली
देशावर गोवऱ्या. कोल्हापूरकडे शेणी म्हणतात.
दूध आटवायला गोवरीसारखी मंद आच नाही, गॅसवर ते जमतच नाही. असो, कुकर लावायचाय, नंतर येते.

दूरदेशी
इंग्लंडमधून. ऑक्टोबर २०२२पासून इथे सरकारी हमीच्या दराने वीज सरासरी ३४ पेन्स युनिट आणि गॅस १०.३ पेन्स होता. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत दोन गोष्टी फार बोलल्या गेल्या. एक, किटली ३ किलोवॅटची असते, एका कपाला एकच कप पाणी भरा. दोन, कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे घर तापवायचं पाणी गरम करणारं गॅसचं यंत्र. रेडिएटरला जाणारं पाणी ७५-८० अंशांवर लावलेलं असतं. परतीचं पाणी ५५च्या खाली आलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळते. म्हणून जाणारं पाणी ६० किंवा त्याखाली लावायचं. खोली तापायला वेळ जास्त, गॅस कमी. टाकीवाल्या गरम पाण्याचं तापमान मात्र ६०च्या खाली आणायचं नाही, त्यात लिजिओनेला जंतू वाढतात.

सांडशी
@दूरदेशी धुरातली उष्णता परत घेणं म्हणजे आपला वैलच झाला की! काळजी घ्या, तिकडची थंडी फार असते.

ओसरी
एक कळकळीची विनंती. बिल वाचवायला कोळशाची शेगडी बंद खोलीत कोणीही ठेवू नका. निखारा लाल दिसतो, धूर नसतो, म्हणून सुरक्षित वाटतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. तो बाहेर बसवायचा, फक्त पाण्याची नळी आत. जुनी न्हाणीघरं बंबाला चालायची, कारण ती घराबाहेर, वर कौलं आणि भिंतीला झरोका. आजच्या बाथरूमच्या खिडकीला काच असते.

इमर्शन रॉडही सांगून ठेवते: रॉड पाण्यात बुडवून मग बटण, बंद करून प्लग काढून मगच पाण्यात हात. पाणी खुणेच्या वर हवं, बादली प्लॅस्टिकची, जोड १५ अँपिअरच्या प्लगला. रॉडवर पांढरा थर चढला की लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवा.

करवंटी
@ओसरी हे ठळक करून वर लावायला हवं. 🙏

तारजोडी
पंखे. भिंतीवरचा काळा डबा रेग्युलेटर आठवतो का, हात लावला की गरम? आत तारेची वेटोळी. पंखा हळू केला तरी उरलेली वीज त्या तारेत जळून जायची, म्हणून एकवर लावून बचत नगण्य. कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवला की पंखा हळू तेवढी वीज खरंच कमी. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २० युनिट.

जुनी ट्यूब ४० वॅटची, पण तिचा तांब्याचा चोक वर १२-१५ खातो. फ्रीज: दारात कागद अडकवून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल. गरम पाण्यात फडकं बुडवून रबरावर फिरवा, पुष्कळदा परत धरतं. बर्फ करंगळीएवढा जाड व्हायच्या आत वितळवा आणि तो सुरीने खरवडू नका, नळी फुटते.

अळूवडी
माझा प्रश्न धाग्याला सोडून आहे. तांब्यापितळेची भांडी परत वापरात काढायची आहेत, कल्हई घरी जमेल का?

पिनवाला
@अळूवडी नको. भांडं आधी राखेने, चिंचेने लख्ख हवं, मग भात्यावर सगळीकडून सारखं तापवायचं, नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा झोंबरा धूर होतो. त्यावर कथील टेकवून कापसाने एका झटक्यात फिरवायचं आणि लगेच पाण्यात. आच कमी-जास्त झाली की कथिलाचे गोळे होतात. कल्हईवाला गाठा. एक मात्र पाळा: कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं.

बंब आत कल्हई मागत नाही, त्यात शिजवत नाही ना.

टिकली
आले परत. कुकरचं: पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास गेलेलं असतं, त्यापुढची मोठी आच फक्त शिट्ट्या वाजवते, डाळ लवकर शिजवत नाही. डाळ अर्धा तास भिजवा. रिंग सैल झाली तर फ्रिजरमध्ये दहा मिनिटं ठेवून लावा.

पेंढ्याची पेटीही सोपी. लाकडी खोक्यात चहूबाजूंनी हातभर पेंढा, मध्ये पातेल्याची जागा, वर गोधडी. तुरीची भिजवलेली डाळ पंधरा मिनिटं खळखळ उकळायची, झाकणासकट पेटीत, अडीच-तीन तास झाकण उघडायचं नाही. पातेलं भरलेलं हवं, अर्धं रिकामं असलं तर लवकर निवतं. काढल्यावर एक उकळी द्यायचीच. राजमा यात करू नका.

मीटरवाचक
@टिकली राजमा का नको?

टिकली
त्याला निदान दहा मिनिटं पूर्ण उकळी हवी, नाहीतर त्यातलं विष जात नाही, पोट बिघडतं. मंद आचेवर तर जास्तच.

करवंटी
@सांडशी तो माळ्यावरचा बंब वापरात काढणार असाल तर कुठे दाखवायचा? आमच्याकडेही एक आहे, तोटी हलते.

सांडशी
@करवंटी पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. मठारकाम म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ते ठोक्यांचे चकचकीत ठिपके दिसतात ते काम तिथलं. ठोकल्याने पत्रा कडक होतो, नुसती शोभा नाही. न्यायच्या आधी घरी तपासा: तोटी बंद करून काठोकाठ पाणी भरा, कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद तोटीखाली ओला असेल तर तोटीची गुंडी घासून बसवली की झालं. मधल्या नळीखाली ओला असेल तर आतला डाग गेलाय, ते काम तांबटाचंच. बाजारातलं एम-सील लावू नका, आचेपुढे टिकत नाही आणि नंतर तांबटाला ते खरवडून काढावं लागतं.